काठाला दगडांचा घास

फ्लरेतचा फोन आला तेव्हा मी बेकरीच्या रांगेत उभी होते. रविवारची सकाळ होती आणि ड्यूटीचा फोन माझ्याकडे होता. प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचा हा फोन ज्याच्या खिशात असतो, त्याला एप्रिल महिन्यात सुखाने पावसुद्धा विकत घेता येत नाही. बर्फ वितळतो, नद्या फुगतात आणि लोकांना एकदम आठवतं की आपल्या डोक्यावर सरकार नावाचं काहीतरी आहे.

"तक्रार नाहीये हं माझी," ती आधीच म्हणाली. "नुसतं विचारायचं होतं. माझं मागचं दार कालपासून लागत नाहीये. चौकटीत अडकतंय. आणि अंगणात एक भेग पडलीय. हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला."

"कुठल्या बाजूला? रस्त्याच्या की नदीच्या?"

"नदीच्या. पण तू काही धावत येऊ नकोस. रेजाँ बघतोय सगळं. काल संध्याकाळची प्रार्थना सुटल्यावर त्याने चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं आणि आज अख्खं गाव इर्जिकीला, नुसत्या जेवणावर हात लावायला, आलंय. ट्रकसुद्धा यायला लागले."

"ट्रक कशाचे?"

"दगडांचे. आणखी कशाचे असणार? काठाला घास भरवायचाय ना."

माझा नंबर आला होता. काउंटरवरची मुलगी पाव पुढे करून उभी होती, तिला तशीच सोडून मी गाडीकडे पळाले.

फ्लरेतच्या गावाला, सँ-फिलेआसला, मी पन्नास वेळा तरी गेले असेन. शेजारच्याच गावात वाढले मी. आमच्याकडे नदीने जमीन खायला सुरुवात केली की आजोबा-पणजोबांपासून एकच इलाज चालत आलाय: वरून दगड टाकायचे. कापणीनंतर शेतातले दगड वेचायचे, पडलेल्या भिंतीचे तुकडे जमवायचे, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फही तिकडेच ढकलायचा. काठाला भूक लागलीय, त्याला घास भरवा, म्हणजे तो माणसांना खाणार नाही. माझ्या वडिलांनीही भरवलाय. गंमत अशी की पोटात निळी चिकणमाती असलेल्या काठावर वजन ठेवणं म्हणजे आजारी माणसाच्या छातीवर बसणं. ही माती हातात घेतली तर विटेसारखी घट्ट असते. जरा मळली की ताकासारखी पातळ होते. आणि पातळ झाली की घर, झाड, गाय, काहीही ओळखत नाही.

गाडीतूनच मी आमच्या भूगर्भ इंजिनिअरला, वेझिनाला, फोन लावला. तो आमच्या हद्दीच्या दुसऱ्या टोकाला होता, पूर आलेल्या एका पुलाखाली.

"दार अडकतंय, भेग नदीच्या बाजूला आहे आणि वर दगड पडतायत," मी सांगितलं.

पाण्याच्या आवाजावरून तो ओरडला. "ओदिल, आधी माणसं बाहेर काढ. दगडांचं नंतर बघू. भेगेच्या पलीकडे कोणी उभं राहता कामा नये. मला यायला दुपार होईल."

"आणि तोवर टिकेल?"

"मला विचारू नकोस. मी तिथे असतो तरी सांगता आलं नसतं."

फ्लरेतच्या घराशी पोचले तर जत्रा भरलेली. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, अंगणात रबरी बुटातली पंचवीस-तीस माणसं, बायका कॉफीचे थर्मास घेऊन फिरतायत, कोणीतरी रेडिओ लावलेला. घराच्या मागे, जिथे अंगण संपून उतार सुरू होतो, तिथे दगडांचा ढीग कमरेच्या वर गेला होता. एक ट्रक मागे मागे जात होता आणि रेजाँ हात हलवून त्याला वाट दाखवत होता.

रेजाँ गोव्रो गावाचा मेयर आणि फ्लरेतचा धाकटा भाऊ. सत्तरीचा, धिप्पाड, गावातल्या अर्ध्या पोरांचा धर्मपिता. माणूस सोन्यासारखा आहे, हे मी आज रागात असले तरी म्हणेन. गेल्या पुरात स्वतःची बोट घेऊन लोकांना काढणारा हाच. पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

"आली बघा सरकारची स्वारी," तो मोठ्याने म्हणाला. माणसं हसली. "वरातीमागून घोडं. काय पोरी, फॉर्म आणलेस का भरायला?"

"रेजाँकाका, ट्रक थांबवा. सगळ्यांना रस्त्यापलीकडे न्या. आत्ता."

"का?"

मी सांगितलं. मातीचं, वजनाचं, दाराचं सांगितलं. वेझिना काय म्हणाला तेही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, म्हणजे मी बोलायची थांबेन याची वाट बघत होता.

"माझ्या बापाने इथे दगड टाकले," तो म्हणाला, "त्याच्या बापाने टाकले. काठ उभा आहे की नाही? तुझ्या इंजिनिअरने काय टाकलंय आजवर? कागद."

"तुम्ही मेयर आहात. गाव रिकामं करायचा हुकूम तुम्हालाच देता येतो. मला नाही."

"मग झालं तर. तुमच्या खात्याचं काम काय? सल्ला देणं. दिलास. मी ऐकला. आता जरा बाजूला हो, ट्रक मागे घ्यायचाय."

हे त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पोलीस आमचे, तुरुंग आमचे, आग आमची, पूर आमचा. पण एखाद्या गावचा मेयर दगडावर बसून राहिला तर त्याला उठवायचा अधिकार माझ्या हातात नाही. मंत्र्यांना आहे. मी मुख्यालयाला फोन केला. तिथल्या माणसाने अगदी गोड आवाजात सांगितलं की विनंती वर पाठवतो, दुपारपर्यंत उत्तर यावं. पोलिसांची गाडी मागितली, तर त्या बाजूच्या सगळ्या गाड्या पाण्याखालच्या रस्त्यांवर अडकलेल्या. मी फोन खिशात ठेवला आणि भेगेकडे गेले.

फ्लरेतचा हात मनगटापर्यंत गेला होता. माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला. भेग तेवढीच नव्हती आता. ती घराच्या जोत्यापासून निघून सफरचंदाच्या झाडांमागून कुंपणापर्यंत पोचली होती, विळ्यासारखी वाकडी. ढीग, ट्रक, रेजाँ आणि अर्धी माणसं तिच्या पलीकडच्या बाजूला होती. मी पुन्हा ओरडून सांगितलं. दोघेतिघे चुळबुळले, पण इर्जिकीतून आधी कोणी निघायचं? शेजाऱ्याला काठावर सोडून पळाला, असं नातवंडांपर्यंत ऐकावं लागतं. एकाने मला कॉफी देऊ केली.

मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त संताप येत होता. ही माणसं मूर्ख नव्हती. रविवारची सुट्टी सोडून, स्वतःचं डिझेल जाळून, एका विधवेचं घर वाचवायला आली होती. त्यांच्या चांगुलपणाचंच वजन त्या काठावर पडत होतं.

स्वयंपाकघरात फ्लरेत एकटी होती. मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप रटरटत होतं, ओव्हनमध्ये मेपलच्या पाकातले घेवडे, टेबलावर मांसाचं सारण भरून भाजलेल्या पाई कापून ठेवलेल्या. बारीक अंगाची, पांढरे केस मागे घट्ट बांधलेली बाई. मला बघून तिने हात पुसले.

"आलीस होय. येऊ नको म्हटलं होतं. सूप खाऊन जा आता."

"फ्लरेतमावशी, घर सोडायला लागेल."

"रेजाँ म्हणतो, संध्याकाळपर्यंत काठ पक्का होईल."

मी तिला काय सांगणार होते कोण जाणे, पण माझं लक्ष पातेल्याकडे गेलं. पातेलं शेगडीवर नीट बसलेलं होतं आणि आतलं सूप मात्र तिरकं दिसत होतं. एका बाजूला काठोकाठ आलेलं, दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली.

"मावशी, सूप बघ."

तिने बघितलं. मग गॅस बंद केला. उकळी थांबली, तरी सूप तसंच तिरकं राहिलं, नदीच्या बाजूला झुकलेलं.  याच शेगडीवर तिने आयुष्यभर रांधलं होतं. सूप पातेल्यात कसं दिसतं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"घर जाईल?" तिने विचारलं.

"जाईल असं वाटतं."

"आणि ती बाहेरची माणसं?"

"ती माझं ऐकत नाहीत. रेजाँकाका ऐकू देत नाहीत. पण जेवणाची घंटा झाली तर?"

आमच्याकडे इर्जिकीचा एक नियम आहे आणि तो कुठल्याच कायद्यात नाही, म्हणून सगळे पाळतात. यजमानीण घंटा वाजवते तेव्हा हातातलं काम जिथे असेल तिथे टाकायचं. फावडं अर्ध्यावर असलं तरी अर्ध्यावर. घंटेनंतर जो काम करत राहतो तो तिच्या अन्नाचा अपमान करतो. माझ्या वडिलांनी एकदा अर्धवट चढवलेली तुळई तशीच टेकवून ठेवली होती, जेवण गार होईल म्हणून.

"इतक्या सकाळी?" ती म्हणाली.

"इतक्या सकाळी. आणि इथे नाही. वर, दोनाच्या खोपटात."

दोना तिचा समोरचा शेजारी. रस्त्यापलीकडे टेकडीवर त्याचं मेपलचा पाक काढायचं खोपट आहे, लांब टेबलांचं. तिथली जमीन खडकाची.

फ्लरेतचा चेहरा एकदम उतरला. घर जाईल म्हटल्यावर उतरला नव्हता एवढा. "परक्याच्या टेबलावर वाढू? माझ्या इर्जिकीचं जेवण? लोक काय म्हणतील, हिच्या घरात जागा नव्हती?"

 डोक्यावर खिळ्याला टांगलेला डाव आपोआप हळूहळू हलत होता. तिने तो काढून ॲप्रनच्या खिशात खोचला.

"सूप तरी वाचवू," ती म्हणाली आणि दारातली घंटा वाजवायला गेली.

रेडिओ बंद झाला. फावडी खाली पडली. माणसं आश्चर्याने एकमेकांकडे बघू लागली, कोणी घड्याळाकडे बघितलं, पण उलट कोणी विचारलं नाही. फ्लरेत पायरीवर उभी राहून असं बोलली की तिला कुणी पाळण्यापासून खोटं बोलायला शिकवलं असावं.

"स्वयंपाकघर लहान पडतंय रे बाबांनो. दोनाकडे मांडलंय. दोघेजण पातेलं धरा. उचलताना सांडलंत तर बघा. ट्रकवाल्या, तू पण. गाडी बंद कर, रस्त्यावर लाव. धूर नको माझ्या जेवणात."

"आमच्याकडे?" दोना म्हणाला. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हो, आमच्याकडेच. मी विस्तव करतो," असं म्हणून तो सर्वांच्या पुढे चालू लागला.

ओळ लागली. पातेलं, घेवड्याचं भांडं, पाई, पावाच्या टोपल्या, बायका, थर्मास. थट्टा करत, बुटाचा चिखल आपटत माणसं रस्ता ओलांडून टेकडी चढू लागली. मी भेगेपाशी उभी राहून प्रत्येकाला अलीकडे येताना बघत होते. शेवटी पलीकडे रेजाँ उरला.

"हे तुझं डोकं," तो तिथूनच म्हणाला. "फ्लरेतने उभ्या जन्मात दुसऱ्याच्या टेबलावर कोणाला वाढलं नाही."

"काका, या. नंतर शिव्या द्या."

"काठ रिकाम्या पोटी सोडू? ट्रकाने ढीग इथेच टाकलाय, कडेपर्यंत तरी ढकलायला नको? तुम्ही जेवा. मी हे ढकलून येतो." आणि तो ढिगाशी उभ्या असलेल्या लोडरवर, दगड ढकलायच्या यंत्रावर, चढला.

इंजिनच्या आवाजात माझा आवाज त्याला ऐकू जाईना. लोडर पुढे गेला, दगड करकरत कडेकडे सरकले. माझ्या पायाखालची जमीन एकदा किंचित खाली बसली, बसमध्ये ब्रेक लागल्यासारखी. मी मागे उडी मारली. हात हलवत राहिले. त्याने बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

मागून फ्लरेत आली. ॲप्रन तसाच, खिशात डाव. वर माणसं टेबलाला बसली असतील आणि हिने एक चेहरा कमी बघितला असेल.

"रेजाँ कुठाय?"

"मावशी, तू जा वर. मी बघते."

"तू काय बघणार?" ती म्हणाली आणि माझा हात धरायच्या आत भेग ओलांडून पलीकडे गेली.

मी भेगेशी थांबले. माझे पाय पुढे गेले नाहीत, खोटं कशाला सांगू. वेझिनाचं वाक्य माझ्या कानात होतं आणि ते कारण म्हणून वापरायला मला बरंही वाटलं.

ती लोडरच्या आणि ढिगाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. लोडर थांबला.

"बाजूला हो, फ्लरेत."

"खाली उतर. सूप गार होतंय."

"सुपाचं काय घेऊन बसलीस? तुझं घर वाचवतोय मी."

"घर माझं आहे. इर्जिक माझी आहे. मी घंटा दिली की जेवायला यायचं. आईने तुला एवढंही शिकवलं नाही?"

त्याने चर्चमधल्या सगळ्या पवित्र वस्तूंची नावं एका दमात घेतली. आमच्याकडे शिव्या अशाच देतात. ती हलली नाही. वाऱ्याने तिचा ॲप्रन फडफडत होता आणि तिच्या मागे ढिगापलीकडे दोन हातांवर काठ संपत होता.

"तू इथून गेलीस तर मी हे ढकलून येतो."

"तू उतरलास तर मी जाते. नाहीतर दोघं इथेच. वरती जेवण वाढायला दोना आहे."

शेवटी त्याने रागारागात चावी फिरवली. इंजिन बंद पडलं आणि त्या शांततेत आम्हा तिघांनाही ते ऐकू आलं. जमिनीच्या आत काहीतरी तुटत होतं. सफरचंदाची मुळं. एकामागून एक, जाड दोर तुटावा तशी.

रेजाँ उतरला नाही, त्याने उडीच मारली. बहिणीला दंडाला धरून ओढत तो धावत निघाला. भेगेपाशी आले तेव्हा ती भेग राहिली नव्हती. पलीकडची बाजू गुडघाभर खाली गेली होती. मी जमिनीवर पालथी पडून हात पुढे केले. त्याने आधी तिला वर ढकललं. तिचं वजन जणू नव्हतंच. मग तो स्वतः चढला, माझी बोटं मोडतील असं धरून. आम्ही मागे न बघता पळालो, रस्ता ओलांडला, टेकडीच्या पहिल्या चढावर गेलो, तिथे फ्लरेतचा श्वास संपला आणि आम्ही वळलो.

मोठा आवाज नाही झाला. घर उभंच्या उभं निघालं, पडदे लावलेलं, धुराडं सरळ, जणू कोणी त्याला हळूच ओढून नेत होतं. थोडं पुढे जाऊन ते वळलं, आम्हाला एकदा पुढचं दार दाखवलं, आणि मग खालच्या निळ्या चिखलात बसत गेलं. त्याच्याबरोबर झाडं गेली, दगडांचा ढीग गेला, लोडर तर आधीच गेला होता. जिथे अर्धं गाव कॉफी पीत उभं होतं, तिथे आता खाली वाहणारी माती दिसत होती.

खोपटातली माणसं बाहेर येऊन उभी होती.  मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अजून दोन ट्रक दगड पडले असते तर काठ टिकला असता..." आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

मी मुख्यालयाला फोन केला. माणूस एकही गेला नाही, घर एक गेलं, असं सांगितलं. रस्ता बंद करायला, खालच्या गावांना पाण्याबद्दल कळवायला सांगितलं, कारण मातीने नदी अडली होती. तो गोड आवाजाचा माणूस म्हणाला, तुमची विनंती अजून वर आहे.

आत गेले तेव्हा फ्लरेत वाढत होती. डाव तिचा स्वतःचाच होता. माणसं टेबलाला बसली होती, पण चमचा कोणी उचलला नव्हता. रेजाँ दाराच्या आत येईना. टोपी हातात घेऊन उंबऱ्यात उभा, बुटांवर निळा चिखल.

"ओदिल," तो म्हणाला. मला पोरी म्हटलं नाही. "आमच्या दगडांनी गेलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला म्हणता आलं असतं की नदीने खाल्लं. तेही खोटं झालं नसतं. पण नदीकाठी अजून घरं होती, अजून एप्रिल येणार होते, आणि सल्ला देणं एवढंच माझं काम असेल तर तो निदान खरा असायला हवा.

"नदीने खालून पोखरलं होतं, काका. कधीतरी गेलंच असतं. आज गेलं ते दगडांनी."

तो म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत लहान झाला. त्याने मान हलवली, टोपी डोक्यावर घातली आणि जायला वळला.

"कुठे निघालास?" फ्लरेत म्हणाली.

ती एक वाडगा काठोकाठ भरत होती. सूप वाडग्यात सपाट होतं. तिने तो टेबलाच्या कोपऱ्यावर, रिकाम्या जागेपुढे ठेवला आणि शेजारी पावाचा तुकडा ठेवला.

"बस," ती म्हणाली. "माझ्या घरी कामाला आलेला माणूस उपाशी जात नाही."

तो येऊन बसला. त्याने चमचा उचलला, मग बाकीच्यांनी उचलले, आणि जेवण संपेपर्यंत कोणी मान वर केली नाही.